सेक्शनवाल्या मामांना जाहीर थँक्यू

मामा, नमस्कार.

जिऑलॉजीच्या प्रोजेक्ट रिपोर्टातलं आभाराचं पान गाईड, एचओडी आणि आईवडिलांतच संपतं, तुम्ही त्यात "प्रयोगशाळा कर्मचारी" एवढेच आलात, मला ते काय पटलं नाही म्हणून इथं लिहितोय. सेक्शन म्हणजे मायक्रोस्कोपखाली बघायला काचेवर चिकटवून घासलेला दगडाचा पातळ काप, माझा तो तुम्हीच केलात.

सोलापुरात कुठं पण खणा, बसाल्टच. टूरमलीन (बोरॉन असलेलं खनिज) बघायचं तर कपाटातला इंग्लंडातल्या कॉर्नवॉलच्या ग्रॅनाइटचा तुकडा. तुम्ही तो उजेडात फिरवून काळ्या सुया बघितल्या आणि विचारलं, सुई आडवी कापू का उभी? असं कोण विचारतंय ओ! आडवी कापली म्हणूनच ते फुगीर बाजूंचे त्रिकोण दिसले, मधे तपकिरी गाभा, भोवती कांद्यासारखे निळे पट्टे. टूरमलीनचा हार्डनेस 7 ते 7.5, शेजारचं फेल्डस्पार हे खनिज 6, एक झिजतंय एक झिजत नाही, त्यात लाईट गेलेली, तरी तुम्ही हातानं कार्बोरंडमच्या पावडरवर घासताय, मधेच मायक्रोस्कोपला डोळा लावून "क्वार्ट्झ अजून पिवळा मारतोय, जाड आहे", परत घासणं, ग्रे झाल्यावरच थांबलात. ग्रे म्हणजे जाडी 0.03 मिमी.

त्या निळ्या पट्ट्यांवरच माझा सगळा प्रोजेक्ट उभा आहे. बोरॉनला क्वार्ट्झ, फेल्डस्पारमधी जागा मिळत नाही, त्यामुळं मॅग्मा थिजत आला की ते शेवटच्या रसात साठतं, मग त्यातनं वेगळ्या झालेल्या गरम पाण्यात जातं, ते पाणी भेगांतनं फिरताना बायोटाइटचं (काळ्या अभ्रकाचं) लोह-मॅग्नेशियम आणि फेल्डस्पारचं अ‍ॅल्युमिनियम उचलतं आणि जुन्या गाभ्यावर नवीन टूरमलीन चढवतं. पाणी बदललं की पट्टा बदलला. आणि टूरमलीनच्या आत अणू सहजी सरकत नाहीत, म्हणून 27-28 कोटी वर्षांनी पण पट्टे जसेच्या तसे.

वर काच न चिकटवता पॉलिश करून दिलात म्हणून तोच सेक्शन प्रोबला (इलेक्ट्रॉनचा झोत मारून खनिजातली मूलद्रव्यं मोजणारं यंत्र) पण चालला. प्रोबला हायड्रोजन, लिथियम दिसत नाही, बोरॉनचे आम्ही सूत्रात 3 अणू धरले (सगळे तसंच करतात), पण लोह-मॅग्नेशियमचं प्रमाण गाभ्यात एक आणि पट्ट्यात दुसरं, हे आकड्यात आलं. व्हायवाला बाहेरच्या सरांनी पहिलं काय विचारलं असेल? सेक्शन कुणी केलाय.

मामा, उरलेला तुकडा टाकू नका, आता उभा काप पाहिजे. मायक्रोस्कोपची स्टेज फिरवली की रंग कसा पालटतो ते ज्युनियरना त्यातच दाखवता येतं, आडव्यात काय दिसत नाही.