कुंपणापलीकडची एमा

पुणे, रविवार रात्र

प्रिय सुनंदा,

तुझं पत्र वाचता वाचता गॅसवरचं दूध उतू गेलं, म्हणजे बघ. बारावीच्या वर्षी मैथिलीनं रॅकेट कपाटात टाकावी हे भाऊजींचं म्हणणं, तिचं न जेवता झोपणं, सगळं डोळ्यांसमोर आलं. ‘दोन दगडांवर पाय ठेवून कुणी नदी ओलांडलीय का?’ असं भाऊजींनी विचारलं म्हणतेस. टेनिसमधलं मला किती कळतं ते तू जाणतेसच. पण तशी ओलांडणारी एक पोर माझ्या घरापासून दहा मिनिटांवर खेळून गेली, आणि मी तिला पाहिलं नाही. त्याची चुटपुट अजून जात नाही.

डिसेंबर 2019. डेक्कन जिमखान्यावर महिलांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरली होती. ऑफिसातून येताना कुंपणापलीकडून चेंडूचे टोले ऐकू यायचे. मला घरी जाऊन मेथी निवडायची असायची, म्हणून मी बस पकडायचे. ती स्पर्धा एमा रादुकानू नावाच्या इंग्लंडच्या मुलीनं जिंकली. महिन्याभरापूर्वीच तिला सतरावं संपलं होतं. फायनलला समोर नायकता बेन्स. पहिला सेट 4-6 गेला, मग 6-2, 6-1. स्पर्धेची बक्षिसाची रक्कम सगळ्यांची मिळून 25,000 डॉलर. त्यातून तिकीट, हॉटेल, रॅकेटच्या तारा वजा कर आणि काय उरत असेल ते सांग. अशा स्पर्धांना येणाऱ्या मुली बॅगा स्वतःच ओढतात, आणि टाळ्या वाजवायला दहा-बारा माणसं असली तरी पुष्कळ.

आता मुलीचं ऐक. जन्म टोरांटोचा, 2002 चा. वडील रुमानियाचे, आई चीनच्या शेनयांगची. ती दोन वर्षांची असताना घर लंडनला आलं. वडिलांनी लहानपणी तिला घोडेस्वारी, बॅले, गोल्फ, गो-कार्टिंग, मोटोक्रॉस, सगळ्यात घातलं. (आपल्याकडे एका भरतनाट्यमच्या क्लासला घरात किती सभा होतात!) टेनिस लंडनच्याच ब्रॉम्ली भागात, शाळा जवळच्या ऑर्पिंग्टनला, आणि ती शाळा प्रवेशपरीक्षा घेऊन मुली घेणारी. आईबाप दोघंही अर्थक्षेत्रात नोकरी करणारे. अभ्यास सोडायचा नाही, ही घरची अटच होती म्हणे.

पुण्याहून परतली आणि थोड्याच दिवसांत कोविड आला. त्यात बारावीच्या तोडीची त्यांची ए-लेव्हल. जवळजवळ दीड वर्ष ती मोठं असं काही खेळलीच नाही. जून 2021 मध्ये नॉटिंगहॅमला महिलांच्या मुख्य टूरवर पहिला सामना खेळली आणि हरली. मग विम्बल्डननं वाईल्ड कार्ड, म्हणजे क्रमवारी पुरेशी नसतानाही थेट प्रवेश, दिलं. तेव्हा जागतिक क्रमवारी होती 338. तीन सामने जिंकली. दुसऱ्या फेरीत जिला हरवलं त्या वोंद्रोउशोव्हानं दोन वर्षांनी विम्बल्डनच जिंकलं, आहेस कुठे! चौथ्या फेरीत मात्र श्वास लागेना. 4-6, 0-3 वर सामना सोडून बाहेर गेली. दडपण झेपत नाही, असा शेरा माजी खेळाडूंनीही मारला. अठरा वर्षांची पोर गं! मला तेव्हा इतका राग आला होता की मी टीव्ही बंद केला.

ऑगस्टमध्ये निकाल लागला. गणितात ए-स्टार, अर्थशास्त्रात ए. त्याच महिन्याच्या शेवटी ती न्यूयॉर्कला यूएस ओपनची पात्रता फेरी, म्हणजे मुख्य स्पर्धेत शिरण्याआधीचे सामने, खेळत होती, तोवर क्रमवारी 150 वर आलेली. परतीचं विमान पात्रता फेरीनंतरचंच काढून ठेवलेलं! पहिल्या सामन्याआधी तिचे कानात घालायचे एअरपॉड्स हरवले, तेव्हा ‘हा सामना जिंकलीस तर नवे घे’ अशी तिच्या लोकांत थट्टा झाली. पात्रतेचे तीन आणि मुख्य स्पर्धेतले सात, असे दहा सामने झाले आणि एकही सेट गेला नाही. त्यात नुकतंच ऑलिंपिक सुवर्ण जिंकलेली बेनचिच होती, ग्रीसची साकारी होती. फायनलला एकोणीस वर्षांची लेला फर्नांडिस, तीही कॅनडात जन्मलेली. दुसऱ्या सेटमध्ये 5-3 वर एमा सामना संपवायला सर्व्हिस करत होती आणि 30-40 वर मागे होती. त्यात घसरून गुडघा फुटला. पट्टी बांधली, आणि शेवट एसनं, म्हणजे समोरचीच्या रॅकेटला न लागणाऱ्या सर्व्हिसनं, केला. 6-4, 6-3. पात्रता फेरीतून येऊन ग्रँड स्लॅम, म्हणजे टेनिसमधल्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांपैकी एक, जिंकणारी ती पहिलीच. ब्रिटनच्या बाईनं एकेरीचं ग्रँड स्लॅम जिंकलं त्याला 44 वर्षं झाली होती. तेव्हा जिंकलेली व्हर्जिनिया वेड त्या दिवशी प्रेक्षकांत बसली होती. आईवडील मात्र कोविडच्या निर्बंधांमुळे लंडनलाच. बक्षीस 25 लाख डॉलर. आपल्या डेक्कनच्या अख्ख्या स्पर्धेच्या शंभर पट, हा हिशेब मी त्या रात्री वहीच्या मागे मांडला होता.

पुढचं भाऊजींना आधी सांगू नकोस. प्रशिक्षक बदलत राहिले, जाहिराती आल्या. पुढच्या वर्षी यूएस ओपनलाच पहिल्या फेरीत हार. 2023 मध्ये दोन्ही मनगटं आणि एका घोट्यावर शस्त्रक्रिया, आणि दहापर्यंत चढलेली क्रमवारी तीनशेच्या आसपास घसरली. लोक म्हणाले, मटका लागला होता. मला हे पटत नाही. सलग दहा सामने मटका कुणाला लागतो? पण हेही खरं, की अशी हजारांत एक, आणि पाठीशी पैसा, लंडनसारखं शहर. मैथिली एमा होईल असं मी म्हणत नाही. परीक्षेमुळे हात विसरत नाही, एवढंच तुला सांगते.

तर या डिसेंबरात डेक्कनवर सामने असले तर मैथिलीला दोन दिवस माझ्याकडे पाठव. पूर्वपरीक्षा जानेवारीत ना? पुस्तकं घेऊनच येऊ दे, सकाळी अभ्यास, दुपारी कोर्ट. या वेळी मीही आत जाणार आहे, मेथी आदल्या रात्रीच निवडून ठेवीन. आणि तिच्याबरोबर तुझ्याकडचा कांदा-लसूण मसाला धाड, इथला तिखट म्हणायलाही लाज वाटते.

तुझी,
माधुरी