वस्तुचित्राच्या तासाला बरवे का नाहीत?

महोदय,

शासकीय रेखाकला परीक्षांच्या तयारीविषयी आपल्या पुरवणीत आलेला लेख वाचला. वस्तुचित्र आणि स्थिरचित्र यांच्यासाठी प्रमाणबद्धता, छायाप्रकाश आणि वेळेचे नियोजन यांविषयीच्या त्यातील सूचना उपयुक्त आहेत. परंतु तांब्या किंवा पेला समोर ठेवून चित्रकार नेमके काय पाहतो, या प्रश्नाला लेखाने स्पर्शही केलेला नाही. त्यासाठी चित्रकार प्रभाकर बरवे (1936–1995) यांच्यासारखे उदाहरण घरातच असताना ते वर्गापर्यंत पोहोचत नाही, याचे वाईट वाटते.

अलिबागजवळच्या नागावचे बरवे जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले आणि 1961 पासून हातमाग विणकरांसाठीच्या सरकारी विणकर सेवा केंद्रात, आधी वाराणसीला व नंतर मुंबईत, नोकरीला होते. त्यांच्या चित्रांत घड्याळ, किल्ली, झाडाचे पान, सफरचंद अशा साध्याच वस्तू येतात. पण त्या टेबलावर मांडलेल्या नसतात. त्यांच्याखाली जमीन नसते, मागे भिंत नसते, त्यांची आकारमाने आपसांत जुळत नाहीत आणि सावलीसुद्धा कधी वस्तूपासून सुटून स्वतंत्र आकार होऊन बसते. रंगही पुष्कळदा दारे-खिडक्यांना लावतात तो इनॅमल. तो सपाट, तुकतुकीत बसतो, ब्रशचे फटकारे मिरवत नाही, त्यामुळे नजर चित्रकाराच्या हातावर न रेंगाळता वस्तूंवर आणि त्यांच्यामधल्या मोकळ्या जागेवर जाते. माझ्या मते बरव्यांच्या चित्राचा अर्थ त्या जागेत आहे. घड्याळ म्हणजे काळ, किल्ली म्हणजे रहस्य, अशी कोष्टके मांडणारे त्यांच्यावर अन्याय करतात. जवळपास कुलूपच नसले की किल्लीचा उपयोग संपतो, आणि तेव्हा कुठे तिचे दाते व तिचा गोल डोळ्यांत भरतो.

या पाहण्यामागे वर्षानुवर्षे टिकवलेली डायरीची सवय होती. छोटी रेखाटने आणि टिपणे यांतून त्यांचे चित्र घडत जाई. निर्मितीप्रक्रियेविषयीचे त्यांचे ‘कोरा कॅनव्हास’ (1990) हे पुस्तक तर मूळ मराठीतच आहे. तरीही 2019 मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांचे सिंहावलोकनी प्रदर्शन भरले, तेव्हा चर्चा झाली ती उद्घाटनप्रसंगी अमोल पालेकरांच्या भाषणात आणलेल्या व्यत्ययाची. ती व्हायलाच हवी होती. चित्रांविषयी मात्र माझ्या वाचनात फारच थोडे आले.

दहावीच्या सवलतीच्या गुणांसाठी मुले या परीक्षांना बसतात, यात काही गैर नाही. मात्र कला संचालनालयाने कलाशिक्षकांना ‘कोरा कॅनव्हास’मधील निवडक पाने उपलब्ध करून द्यावीत, आणि आपणही पुरवणीच्या पुढील अंकात नमुना चित्रांच्या शेजारी बरव्यांचे एखादे चित्र रीतसर परवानगीने छापावे, अशी विनंती आहे. ते निदान अर्धे पान तरी असावे. टपाल तिकिटाएवढे छापल्यास त्यातली मोकळी जागाच नाहीशी होईल.

आपला विश्वासू,
एक निवृत्त कलाशिक्षक, जि. रायगड