कर्नलसाहेब, तुम्ही फोन केला नाहीत म्हणून

आदरणीय कर्नलसाहेब,

सा. न. वि. वि.

आईचं कुटुंब निवृत्तिवेतन परवा थकबाकीसकट जमा झालं. पासबुक छापून आणलं, ते तिने आधी देव्हाऱ्यात ठेवलं आणि मग म्हणाली, "साहेबांना कळव." फोनवर तुम्ही "छान. पुढचं बोल" म्हणून मोकळे होता. म्हणून हे जाहीर पत्र. नाव घालत नाही, तुम्हाला खपायचं नाही.

आमचे वडील मराठा लाइट इन्फंट्रीत हवालदार. १९७८ ला भरती, बेळगावला ट्रेनिंग. निवृत्तीनंतर लोअर परळला, जिथे पूर्वी गिरणी होती त्या जागेवरच्या टॉवरच्या गेटवर रखवालदारी. ते गेले आणि आईचं नाव आडवं आलं. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने जे नवं नाव लिहिलं, तेच वडिलांनी पलटणीत नोंदवलं. आधारवर मात्र शाळेच्या दाखल्यावरचं, माहेरचं. चाळीस वर्षं कुणाचं काही अडलं नाही. मग एका बँकेच्या शाखेत काउंटरवरच्या माणसाने तिलाच विचारलं, "या दुसऱ्या बाई कुठे असतात?" आई त्या दिवशी जेवली नाही.

तुमच्याकडे दादरला आलो तो वशिल्यासाठी, हे आता कबूल करतो. कर्नल म्हणजे बेळगावला एक फोन आणि काम फत्ते, असा माझा हिशेब. तुम्ही चष्मा पुसत म्हणालात, "फोन केला तर वहिनींचं काम कदाचित लवकर होईल. पण कागद चुकीचाच राहील. मी नसेन तेव्हा तो परत आडवा येईल. बस. पेन्सिलीने लिही."

मला रागच आला होता. रविवारी सकाळी सोसायटीच्या त्या ऑफिसात, एका बाजूला कॅरम बोर्ड आणि दुसऱ्या बाजूला गणपतीच्या मांडवाचे बांबू, आणि मी चाळिशीतला माणूस पेन्सिलीने फॉर्म भरतोय! तुम्ही तो दोनदा वाचायचात. दुसऱ्यांदा पट्टी ठेवून, शेवटच्या ओळीपासून वर. सर्व्हिस नंबरातला एक आकडा मी उलटा लिहिला होता, तो तिथेच सापडला.

तेव्हा तुम्ही १९७१ चं सांगितलंत. एरवी तो विषय निघतच नाही. कमिशन मिळून सहा महिने झालेले, वय एकवीस, तोफखान्याचे सेकंड लेफ्टनंट, आणि डिसेंबरात थेट शकरगडची आघाडी. तोफा मैलोन्मैल मागे. तुम्ही पायदळाबरोबर पुढे, दुर्बीण आणि वायरलेस घेऊन. मागच्यांना लक्ष्य दिसत नाही, त्यांना दिसतो तो तुमचा सहा आकडी ग्रिड, म्हणजे नकाशावरची जागा. "दोनशे वाढवा, शंभर डावीकडे," एवढ्यावर गोळा पडतो. "एक आकडा चुकला," तुम्ही पट्टी खाली सरकवत म्हणालात, "की तो आपल्याच पोरांवर. मागचा माणूस तुमच्या आकड्यावर विश्वास ठेवतो, दुसरं त्याच्याकडे काय असतं?" आणि लगेच, "पिन कोड राहिलाय."

पुढचं सगळं क्रमाने झालं. प्रतिज्ञापत्र, वर्तमानपत्रातली नावाची जाहिरात, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय, बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज, तिथून पार्ट टू ऑर्डर, म्हणजे नावाच्या दुरुस्तीची लष्करी नोंद, शेवटी प्रयागराजहून सुधारित पीपीओ, म्हणजे निवृत्तिवेतनाचा आदेश. दहा महिने लागले. प्रत्येक कागदाची झेरॉक्स, प्रत्येक रजिस्टर्ड पोस्टाची पावती फाइलला लावलेली. 'स्पर्श' या सैनिकी निवृत्तिवेतनाच्या पोर्टलवर आईचं खातं उघडताना ओटीपी येईना, तेव्हा तुम्ही नातवाला हाक मारलीत. तोफखान्याचा माणूस मोबाइलपुढे हात टेकताना पाहून आम्हाला जरा बरंच वाटलं.

तुमच्या गल्लीतल्या एका आजींनी मला परस्पर सांगितलं, २६ जुलै २००५ च्या पुरात दादरच्या हिंदमाताच्या कमरेएवढ्या पाण्यात दोर धरून रात्रभर उभे होतात. सांताक्रूझला त्या चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. तुम्हाला विचारलं तर म्हणालात, "दोर सोसायटीचा होता." बस, एवढंच.

तीस वर्षांची नोकरी, मेडल्स, बदल्या यांवर तुम्ही बोलत नाही, आणि खरं तर मलाही त्याचं फारसं कळत नाही. मला कळतं ते इतकंच, की ऑफिसर असून तुम्ही एका हवालदाराच्या बायकोला पहिल्या दिवसापासून "वहिनी" म्हणालात आणि ती उभी असेपर्यंत बसला नाहीत. घरी येताना बसमध्ये तिने दोनदा ते सांगितलं.

पैसे नको म्हणालात, पेढेही नको. चिवड्याचा डबा मात्र ठेवून घेतलात. तो परत आला तेव्हा रिकामा नव्हता. साखर घातली होती, आणि वर घडी केलेली चिठ्ठी: "नोव्हेंबर – हयातीचा दाखला. आधारवरचं नावच लिहिणे." ती आता कॅलेंडरला टाचली आहे.

या रविवारी आमच्या चाळीतल्या एक काकू येतील. त्यांचे यजमान नौदलातून निवृत्त झालेले, आता नाहीत. घोटाळा जन्मतारखेचा आहे. फॉर्म मी पेन्सिलीने भरून दिलाय. खालून वर वाचलाय, पण तुम्ही एकदा बघाच.

आपला,
कर्जदार नव्हे, शागीर्द
काळाचौकी, मुंबई