एका ड्रॉइंगमधलं दुसऱ्यात न्यायला कुणी शिकवतच नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सध्या आयटीआयचे प्रवेश चालू आहेत म्हणून लिहितोय, विषय मात्र बरेच दिवस मनात होता. मी सांगलीत २२ वर्षं ड्राफ्ट्समन आहे. दरवर्षी दोन-तीन नवीन पोरंपोरी आमच्या ऑफिसला येतात, कुणी ड्राफ्ट्समन सिव्हिलचा दोन वर्षांचा ट्रेड करून, कुणी ऑटोकॅडचा, म्हणजे कॉम्प्युटरवर नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरचा, तीन महिन्यांचा क्लास करून. लाइन, ट्रिम, ऑफसेट, हॅच या सगळ्या कमांड येतात, हातही फास्ट चालतो, पण एका ड्रॉइंगमधलं दुसऱ्या ड्रॉइंगमध्ये न्यायला सांगितलं की कंट्रोल सी, कंट्रोल व्ही आणि नजरेने जागा बघून क्लिक. त्यांना तेवढंच दाखवलेलं असतं, त्यांना काय बोलणार. आणि ऑफिसात रोजचं काम तर हेच असतं, कोऱ्या पानावर ड्रॉइंग क्वचितच काढतो आम्ही, या फायलीतला जिना उचल, त्या फायलीतलं टॉयलेट आण, सर्व्हेवर, म्हणजे जमिनीच्या मोजणीच्या नकाशावर, प्लॅन बसव.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट सांगतो. एका बंगल्याचा प्लॅन सर्व्हेवर बरोब्बर बसवून ठेवला होता. नंतर एका बाजूची हद्द परत मोजली आणि सर्व्हेअरने नवीन फाइल पाठवली, म्हणजे बिल्डिंग जुन्या फायलीतून उचलून नव्या फायलीत आहे त्याच जागी ठेवायची, एवढंच काम. आमच्या पोराने कॉपी केलं, पेस्ट केलं, कंपाउंडच्या आत नीट दिसतंय बघून सोडून दिलं. प्रिंट साइटवर गेली, दोरी लागली, फक्की मारली, जेसीबी येऊन उभा राहिला. तेवढ्यात शेजारचे काका स्वतःचा टेप घेऊन आले, "अहो साहेब, हद्दीपासून दीड मीटर सोडणार होतात ना, मोजा की जरा." मोजलं तर १.१५ भरलं. खोदाई सुरू झाली नव्हती म्हणून निभावलं, पण त्या पोराचा चेहरा मला अजून दिसतो, दोन दिवस जेवला नाही धड.

चूक झाली कशी ते बघा. साधं कंट्रोल सी केलं की ऑटोकॅड बेस पॉइंट, म्हणजे वस्तू कुठल्या बिंदूला धरून उचलायची ते, आपल्याला विचारत नाही, सिलेक्ट केलेल्या सगळ्या वस्तूंचा मिळून जो चौकोन होतो त्याचा डावा खालचा कोपरा धरतं. त्यात एखादं झाड नाहीतर बाजूचं डायमेन्शन सिलेक्ट झालं की कोपरा सरकला, मग पेस्ट करताना पकडायला ओळखीचा पॉइंटच राहत नाही. इथे पेस्टओरिग ही कमांड वापरायची, म्हणजे वस्तू जुन्या फायलीत ज्या कोऑर्डिनेटवर (जागा सांगणाऱ्या आकड्यांवर) होती त्याच कोऑर्डिनेटवर नव्या फायलीत जाऊन बसते, क्लिक करायचा प्रश्नच नाही. फक्त दोन्ही ड्रॉइंग एकाच सर्व्हेवर उभी पाहिजेत. आमच्याकडे सर्व्हे यूटीएम झोन ४३ मध्ये, म्हणजे पृथ्वीवरची जागा मीटरमध्ये सांगायच्या पद्धतीत असतो, त्यात पूर्वेचा आकडा साडेचार लाखाच्या आसपास येतो, आणि आर्किटेक्टचा प्लॅन असतो शून्य-शून्यजवळ, तिथे पेस्टओरिग केलं तर प्लॅन शेकडो किलोमीटर लांब जाऊन पडणार. अशा वेळी कंट्रोल शिफ्ट सी, म्हणजे कॉपीबेस. आधी बेस पॉइंट द्यायचा, कंपाउंडचा कोपरा, कॉलमचं सेंटर, काहीतरी पक्कं, आणि मग सिलेक्ट करायचं.

युनिटचंही तसंच. इंचाच्या टेम्प्लेटमध्ये, म्हणजे इंचावर सेट केलेल्या तयार नमुन्यात, फाइल उघडायची आणि आकडे मिलिमीटरचे टाकत बसायचं हे सर्रास चालतं. त्या फायलीपुरतं सगळं बरोबर दिसतं, पण मिलिमीटरच्या फायलीत पेस्ट केलं की ऑटोकॅड ते इंच समजून २५.४ पट करतं, ९०० चा दरवाजा २२८६० होतो. हे निदान डोळ्याला दिसतं तरी.

दिसत नाही ते ब्लॉकचं, म्हणजे नाव देऊन एकदा बनवून ठेवलेल्या आणि परत परत वापरायच्या चित्राचं, आणि माझ्या मते सगळ्यात घातक तेच. समजा जुन्या फायलीत सी१ नावाचा कॉलम २३० बाय ६०० चा आहे आणि नव्या फायलीत सी१ याच नावाचा ब्लॉक आधीपासून आहे, पण तो २३० बाय ४५० चा. पेस्ट केलं की नव्या फायलीतलाच सी१ खरा धरला जातो आणि तुमचा ६०० चा कॉलम गुपचूप ४५० चा होतो. खाली कमांड लाइनवर बारीक एक ओळ येते, डुप्लिकेट डेफिनेशन ऑफ ब्लॉक, इग्नोअर्ड, ती कोण वाचतो? ती प्रिंट तशीच गेली तर फिटर त्याच मापाने रिंगा कापणार. टेक्स्ट स्टाइलचंही, म्हणजे अक्षरांचा फॉन्ट ठरवणाऱ्या सेटिंगचंही, असंच होतं. जुन्या मराठी फॉन्टमध्ये लिहिलेली गट नंबरची, हद्दीची नावं दुसऱ्या फायलीत नेली आणि तिथे त्याच नावाची स्टाइल इंग्रजी फॉन्टवर असली की मराठीच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं उमटतात, शेतकरी नकाशा हातात धरून विचारतो, यात माझं नाव कुठाय?

यातलं शिकवायला दोन दुपारी पुरतात. माझी आयटीआयच्या सरांना आणि क्लासवाल्यांना हात जोडून विनंती आहे, प्रॅक्टिकलला एक कोरी फाइल देऊ नका, दोन भरलेल्या फायली द्या, युनिट वेगळं, एकाच नावाचे ब्लॉक वेगळ्या मापाचे, आणि सांगा की ह्याच्यातला जिना त्याच्यात ने आणि नेल्यावर डिस्टन्स घेऊन माप दाखव. तुमच्या शिक्षणाच्या पानावर याला थोडी जागा मिळाली तर पाहा. सांगली, मिरज भागातल्या कुठल्याही आयटीआयने बोलावलं तर शनिवारी मी स्वतः येऊन शिकवेन, पैसे नकोत, सरावाच्या फायली माझ्याकडे तयार आहेत.

आपला,
एक ड्राफ्ट्समन, सांगली