शेजारच्या दाव्याला बांधलेली म्हैस

मा. पशुसंवर्धन मंत्री,
महाराष्ट्र राज्य यांस,

स. न. वि. वि.

३० सप्टेंबर २०२४ रोजी राज्य सरकारने देशी गाईला ‘राज्यमाता-गोमाता’ घोषित केलं. गोशाळांमधल्या देशी गाईंसाठी दररोज प्रत्येकी ५० रुपये अनुदानही तेव्हाच मंजूर झालं. त्या ५० रुपयांबद्दल माझी तक्रार नाही. वैरणीचा भाव माहीत असलेलं कुणी ती करणारही नाही. मला विचारायचंय ते शेजारच्या दाव्याला बांधलेल्या म्हशीबद्दल, आणि त्याहून जास्त तिच्या रेडकाबद्दल.

मी जुन्नर तालुक्यातली. आमच्याकडे दोन म्हशी आणि एक गाय होती. म्हैस व्याली की आजी आधी रेडकू की पारडी ते बघायची. पारडी असली तर शेजारी गूळ जायचा. रेडकू असलं तर नुसतं ‘बरं’ म्हणून उठायची. माझ्या जन्माच्या वेळी ज्या घरात तोंडं उतरली होती, त्याच घराच्या गोठ्यात नर जन्मला की तोंडं उतरायची.

रेडकाला कुणी मारत नसे, हे मुद्दाम सांगते. त्याला फक्त मागे ठेवायचे. पान्हा फुटण्यापुरतं सडाला तोंड लावू द्यायचं, की ओढून खुंट्याला. आधी धार, मग उरलंसुरलं त्याचं. पहिल्या दिवसांच्या चिकात वासराला रोगाशी झगडायची ताकद मिळते. आमच्याकडे त्यातला बराचसा खरवसात जायचा, वेलची-गूळ घालून, आणि आळीत वाट्या फिरायच्या. महिन्याभरात रेडकाच्या बरगड्या मोजता यायच्या, हगवण लागायची, आणि एके दिवशी सकाळी ते उठायचं नाही. ‘गेलं’ एवढंच घरात म्हणायचे. मग म्हैस आटू नये म्हणून त्याच्या कातड्यात पेंढा भरून तिच्यापुढे ठेवायचे. ती ते चाटायची आणि दूध द्यायची. त्या दुधाचा चहा मी प्यायले आहे आणि आजही घरात म्हशीचंच दूध येतं. तेव्हा हे पत्र सोवळं नेसून लिहिलेलं नाही.

आमच्याच तालुक्यात आळे गाव आहे. ज्ञानेश्वरांनी पैठणला ज्याच्या मुखातून वेद वदवले असं आपण मानतो, त्या रेड्याची समाधी तिथे आहे. चैत्रात यात्रा भरते, मीही लहानपणी गेले आहे. लोकांना रेड्याने वेद म्हटल्याचं तेवढं आठवतं. पण त्या कथेत आधी आसूड आहे. रेड्याच्या पाठीवर ओढला आणि वळ ज्ञानदेवांच्या पाठीवर उठले, असं सांगतात. यात्रेहून परत आल्यावर गोठ्यातल्या रेडकाचा दोर कुणी सैल केल्याचं मला आठवत नाही.

भाषाही बघा ना. सालस सुनेला आपण ‘गरीब गाय’ म्हणतो, जाड बाईला म्हैस, मठ्ठ माणसाला रेडा नाहीतर टोणगा. या वृत्तीला इंग्लंडमधल्या रिचर्ड रायडर या मानसशास्त्रज्ञाने १९७० मध्ये एक नाव दिलं, ज्याला आपण प्रजातिवाद म्हणू. कुणाचं दुःख मोजायचं हे त्याच्या जातकुळीवरून ठरवायचं, असा त्याचा अर्थ. हा शब्द परका वाटला तर सर्वोच्च न्यायालयाचा ७ मे २०१४ चा निकाल काढून बघा. बैलांच्या खेळांवर बंदी आणणाऱ्या त्या निकालानंतर राज्यांनी कायद्यात दुरुस्त्या केल्या, २०२३ मध्ये घटनापीठाने त्या वैध ठरवल्या, आणि आमच्याकडे बैलगाडे पुन्हा धावताहेत. पण प्रजातिवादाची चर्चा न्यायालयाने त्यात नाव घेऊन केली होती. (शर्यतीच्या बैलाला म्हशीचं दूध पाजणारे मी पाहिलेत. ते दूध कुणाच्या वाटचं, हे कुणी विचारत नाही.)

आपल्याकडे तर प्रजातीच्या आतही पंगती आहेत. देशी गाय माता. तिच्याहून सहसा जास्त दूध देणारी, तितकीच हंबरणारी जर्सी नाही. राज्याच्या प्राणी संरक्षण कायद्यातल्या, २०१५ मध्ये लागू झालेल्या दुरुस्तीने बैलालाही कत्तलीपासून संरक्षण मिळालं, म्हैसवर्ग बाहेर राहिला. त्यामुळे रेडकापुढे दोनच वाटा उरतात, खाटीक किंवा खुंटा. मला विचाराल तर खुंट्यावरचं मरण जास्त लांबतं. मात्र कागदावर ते मरण कुठेच येत नाही, म्हणून कुणाला टोचत नाही.

आता ५० या आकड्याकडे परत येते. १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्यात कलम ११ खाली पहिल्या गुन्ह्याला दंड आहे १० ते ५० रुपये. जनावराला पुरेसं खायला-प्यायला न देणं याच कलमात येतं. म्हणजे राज्यमातेचा एका दिवसाचा चारा आणि रेडकाला पहिल्यांदा उपाशी ठेवल्याचा या कलमातला जास्तीत जास्त दंड सारखाच. कायदा केंद्राचा आहे हे मला कळतं. पण दिल्लीला पत्र पाठवायला मंत्र्यांना कुणी अडवलेलं नाही.

आपल्या हातातलं मात्र बरंच आहे. दूध वाढवायला घातक इंजेक्शन टोचणं कलम १२ खाली गुन्हा आहे, त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आहे. तबेल्यांची तपासणी त्या कलमाखाली करा. पारडीच जन्मण्याची शक्यता वाढवणाऱ्या लिंगवर्गीकृत रेतमात्रा म्हशींसाठीही गावोगावच्या दवाखान्यात स्वस्तात मिळू द्या. जन्मलेल्याला उपाशी ठेवण्यापेक्षा ते केव्हाही बरं. जो शेतकरी रेडकाला वर्षभर सांभाळेल, त्याला अनुदान द्या. त्याला दुष्ट ठरवून काही होणार नाही. आमचे आजोबा दुष्ट नव्हते, डेअरीच्या मापावर त्यांचं घर चालायचं. आणि कानात नोंदणीचा बिल्ला मारेपर्यंत थांबू नका. वासरू जन्मलं त्या दिवशी नोंद आणि मेलं त्या दिवशीही नोंद, नर-मादी वेगवेगळी, गाय-म्हैस वेगवेगळी. तो तक्ता दरवर्षी विधिमंडळासमोर ठेवा.

एक विनंती आणखी. गोठ्यांच्या पाहणीला आलात तर हारतुऱ्यांच्या वेळेला येऊ नका. पहाटे पाचला, धारेच्या वेळी या, आणि कोपऱ्यातल्या खुंट्याचा दोर किती लांब आहे तेवढं बघा.

आपली,
जुन्नर तालुक्यातली एक दूध पिणारी