पहिला मुक्काम मंद्रूपच्या पुढंच होता

होसपेट

ती. आई-बाबांना
सा. न. वि. वि.

बाबा, आधी एक सांगून टाकते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचाल. पहिल्या रात्री आम्ही विजयपूरला नव्हतोच. मंद्रूपच्या पुढं, तुमच्या एसटी डेपोतल्या कंडक्टर काकांच्या शेतात तंबू ठोकून झोपलो होतो. जुळे सोलापुरातून निघून तासही झाला नव्हता. ‘मुक्कामाला पोचले, जेवले’ असं फोनवर सांगितलं ते खरंच होतं. गाव कुठलं ते तुम्ही विचारलं नाही. काकांवर चिडू नका, त्यांना मीच गप्प राहायला लावलं होतं. तुम्हाला कळलं असतं तर रात्री नऊ वाजता आईला स्कूटरवर मागं बसवून, डबा घेऊन तुम्ही दोघं हजर झाला असता. होय का नाही, तूच सांग आई.

इतक्या जवळ थांबायचं ते मी मुद्दामच ठरवलं होतं. जायचं कन्याकुमारीपर्यंत, आणि तंबूत झोपलेलं आमच्या तिघांत कुणीच नाही. मैत्रीण आणि तिचा नवरा बुलेटवर शेकडो किलोमीटर फिरलेत, पण रात्री कायम लॉजवर. म्हटलं, पहिली रात्र अशा जागी काढू की फसलं तर गाडीला किक मारून घरी येता येईल. गड्ड्याच्या जत्रेतली नंदीध्वजांची मिरवणूक बघून दोन दिवसांनी निघालो ते याच हिशेबानं.

तंबूचं काम तसं अवघड नाही, पण जमीन आपलं ऐकत नाही. काकांचं रान काळं. खुंटी हातानं दाबली तरी लोण्यात गेल्यागत आत जाते, आणि दोरी ताणली की तितक्याच सहज वर येते. दोन-तीनदा असं झाल्यावर काका हसत हसत आले. खुंटी सरळ न ठोकता तंबूकडं पाठ करून तिरकी ठोकायला लावली, वर एकेक दगड ठेवला. पुढं मुरमाड रानात उलटं झालं. तिथं खुंटी आत जायलाच तयार नाही, वाकते. मग दोऱ्या सरळ मोठ्या धोंड्यांना बांधल्या. गाडीचंही तेच. साइड स्टँड काळ्या मातीत रुतत जातो आणि रात्रीतून गाडी आडवी होऊ शकते, म्हणून स्टँडखाली चपटा दगड. बाबा, हे तुम्हाला काय सांगायचं म्हणा. मुक्कामी गाडी गावात नेल्यावर चाकाला दगड लावल्याशिवाय तुम्ही कधी खाली उतरला नाहीत.

जागा निवडायचे नियम मात्र मी पाठ केलेत, तेवढे ऐका. अंधार पडायच्या आधी तासभर थांबायचं. ज्याचं रान त्याला विचारायचं, विचारल्याशिवाय कुठंही उतरायचं नाही. ओढ्याच्या कोरड्या पात्रात तंबू लावायचा नाही, मग ते कितीही सपाट आणि मऊ दिसू दे. पाऊस वर कुठंतरी पडतो आणि पाणी खाली येतं. वाळलेल्या फांदीखाली नाही, नारळाखाली तर नाहीच. स्टो तंबूच्या आत कधीच पेटवायचा नाही. बंद जागेत शेगडी ठेवून झोपलेली माणसं सकाळी उठली नाहीत, अशा बातम्या बाबा तुम्हीच पेपरातून वाचून दाखवायचा. त्या विषारी वायूला वास नसतो, म्हणून माणसाला कळतच नाही. हल्ली फोटोंसाठी तंबूच्या दारात मोठी शेकोटी पेटवायची टूम निघालीय. तिघंही त्याच्या विरोधात आहोत. शेजारी उसाचं पाचट पडलेलं असताना असले खेळ शहरातल्या माणसालाच सुचतात.

काकांकडं शेकोटीची गरजही पडली नाही, हुरड्याची आगटी होती ना. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणसं खुपसायची, काढून हातावर चोळायची, फुंकर मारून फोल उडवायची. काकूंचे तळहात लाल झालेले, पण थांबायला तयार नाहीत. ताटात लसणाची चटणी, गूळ आणि तू दिलेली शेंगाचटणी. कडक भाकरी मी पुढच्या रस्त्यासाठी राखून ठेवली. ती चार-पाच दिवसांनीही तशीच राहते, लांबच्या गाडीवर तिच्यासारखं दुसरं अन्न नाही.

आता रात्रीचं. पहिले दोन तास झोप नाही. तंबूचं कापड इतकं पातळ की बाहेरचं सगळं कानाशीच घडतंय असं वाटतं. कोल्हेकुई झाली, ती ओळखीची होती. मग टिटवी. आई, तू म्हणशील रात्री टिटवी ओरडली म्हणजे अशुभ. अगं, ती जमिनीवर राहणारी पाखरं, जवळून कुणी गेलं की बोंबलतात. आमच्या बाबतीत जाणारे म्हणजे काका, बॅटरी घेऊन डुकरं हाकलायला निघालेले. मला तर उलट बरं वाटलं. फुकटचा पहारेकरी.

पहाटे थंडी वाजली ती वरून नाही, खालून. स्लीपिंग बॅगमध्ये कापूस दबला की खाली काही उरत नाही, जमीन अंगातली ऊब ओढून घेते. खाली चांगली मॅट नसेल तर वर कितीही पांघरा. आणि जाग आली तेव्हा तंबू आतून ओला! पाऊस नव्हता, दवही आत येणार नाही. माणसांचा रात्रभराचा श्वास गार कापडाला लागून पाणी झालेला. थंडीच्या भीतीनं सगळ्या चेन गच्च लावून झोपलो की असंच होतं. दुसऱ्या मुक्कामापासून वरच्या खिडक्या उघड्या ठेवतो. थोडं गार लागतं, पण कोरडं उठतो.

आई, तुझी चादर या कामाला उपयोगाची नाही, राग मानू नकोस. सोलापुरी चादर घरात राणी आहे. तंबूत तिनं ते सगळं पाणी पिऊन घेतलं आणि सकाळी उचलवेना. दिवसभर मागच्या सीटवर पसरून, दोऱ्यांनी आवळून वाळवत नेली. विजयपुरात गोल घुमटासमोर गाडी लावली तेव्हा एकानं विचारलं, चादरी विकायला आणल्यात का.

पुढचं थोडक्यात. कृष्णेवर अलमट्टी, मग कुडलसंगम. कृष्णा आणि मलप्रभेच्या संगमावर बसवण्णांची समाधी, पाण्यात उतरत जाणाऱ्या विहिरीसारख्या जागेत आहे. आपल्या सिद्धरामेश्वरांच्याच काळातले ते, म्हणून आईच्या नावानं डोकं टेकवून आले. बदामी आणि हंपीला तंबू लावला नाही. जुन्या वास्तूंच्या आवारात तसं करता येत नाही आणि करूही नये. तिथं लॉज. एक रात्र हायवेवरच्या पेट्रोल पंपाच्या मागं काढली. ती मला शेतापेक्षा बरी वाटली. रात्रभर दिवे, माणसांची ये-जा, आणि आई, तुझा जो पहिला प्रश्न असतो त्याचीही सोय. पंपावरच्या पोरांशी मी तुझ्या माहेरच्या कानडीत बोलले. त्यांनी आधी हसून घेतलं, मग चहा दिला.

बाबा, गाडीचं तुम्ही विचारणारच. जड सामान खाली आणि दोन्ही बाजूंना सारखं, वर फक्त कपडे. मागच्या टायरला हवा पुस्तिकेत लोडसाठी दिलीय तेवढी. चेनला दर पाचशे किलोमीटरला तेल. भरलेली गाडी ब्रेकला उशिरा थांबते, म्हणून पुढच्या गाडीपासून अंतर ठेवते. भरलेली एसटी आणि रिकामी एसटी यातला फरक तुम्ही लहानपणी सांगितला होता तोच. सकाळी बूट झटकल्याशिवाय पाय घालत नाही, विंचवासाठी.

एक विचारायचं राहिलंय. उन्हाळ्यात मुक्कामी गाडीच्या टपावर सतरंजी टाकून झोपायचात, तेव्हा वारा सुटला की काय करत होतात? खाली उतरत होतात की तसेच? आता तुंगभद्रेच्या बाजूला वारा जोराचा आहे आणि तंबू रात्रभर फडफडतो. घरी तुम्ही या रात्रींबद्दल कधी बोललाच नाहीत. आम्हाला फक्त सकाळी परत आलेली गाडी माहीत. पुढच्या पत्त्यावर उत्तर पाठवा, किंवा काकांना सांगा, ते मला कळवतील. त्यांनाही आठवत असेल, तुम्ही दोघं एकाच टपावर झोपायचात असं म्हणत होते.

इथून चित्रदुर्ग, मग बंगळूर बाहेरूनच टाळून सेलम, मदुराई. घाट आणि जंगलाच्या पट्ट्यात तंबू लावणार नाही, तिथं वनखात्याची परवानगी लागते आणि हत्तीला आपली परवानगी लागत नाही. चादर इथूनच पार्सल करतेय. आली की दोन उन्हं दाखव, धुऊ नकोस, साबणाची गरज नाही.

फोन रोज संध्याकाळी तंबू लावून झाला की करीन. एखाद्या दिवशी रेंज नसली तर दुसऱ्या दिवशी सकाळी नऊपर्यंत वाट पाहायची. तोवर कुणालाही फोन लावायचा नाही, आत्याला तर मुळीच नाही. आणि बाबा, बीपीची गोळी रात्रीची आहे, सकाळची नाही. आईला डबी बघायला सांगा.

तुमची
धाकटी