पिवळा लागला की नक्की करायचं काय?

संपादक साहेब,

पिवळ्या सिग्नलवर गाडी काढली की बेशिस्त, असं म्हणून सगळे मोकळे होतात. तसले असतातही म्हणा, पिवळा दिसला की अजून ॲक्सिलेटर पिळणारे. पण मी रोज गाडी चालवतो आणि कितीतरी वेळा माझंच ठरत नाही, थांबू की जाऊ.

थोडा हिशोब करून बघा. ताशी ६० ने चाललेली गाडी सेकंदाला साधारण १७ मीटर जाते. पिवळा दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद धरला तर ते १७ मीटर गेलेच, मग करकचून न दाबता थांबायचं म्हणजे अजून पंचेचाळीसेक मीटर, बेरीज साठच्या वर. आणि पिवळा जर तीनच सेकंदांचा असेल तर तेवढ्यात गाडी जाणार ५० मीटर. म्हणजे स्टॉप लाइन ५५ मीटरवर असताना पिवळा लागला तर नीट थांबताही येत नाही आणि लाल व्हायच्या आत लाइनही गाठता येत नाही, ड्रायव्हर कितीही शहाणा असू दे! ही गोची आजची नाही, गॅझिस, हर्मन आणि मॅराडुडिन या तीन संशोधकांनी १९६० मध्येच पेपर लिहून ती गणितासकट मांडली होती. उपायही त्याच गणितात आहे, ६० च्या रस्त्याला पिवळा जवळपास चार सेकंद हवा, पुढे उतार असेल तर अजून थोडा जास्त. उगाच सात-आठ सेकंद पण नकोत, लोक सोकावतात आणि पिवळ्याला हिरवाच समजायला लागतात.

हे झालं एका गाडीचं. मागच्याचा हिशोब वेगळाच चालू असतो, त्याने धरलेलं असतं की पुढचा निघणार, आपण पण त्याच्या पाठोपाठ सुटू. परवा माझं तसंच झालं, आधी पाय ॲक्सिलेटरवर, मग मन बदललं आणि ब्रेक मारला, आरशात बघतो तर मागच्या टेम्पोचा फक्त एक हेडलाइट दिसतोय, इतका जवळ. टायरचा वास आत आला. तो बाजूला आला, मान बाहेर काढून म्हणाला, "थांबायचं होतं तर आधी ठरवायचं ना राव!"

मी काहीच बोललो नाही, त्याचं बरोबर होतं. फक्त तो पिवळा किती सेकंदांचा होता ते दोघांनाही माहीत नव्हतं.

- एक वाचक